मोठ्या संख्येने उपस्थित राहावे

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. घरात पुस्तकं नव्हती असं नाही, पण ती वरच्या फळीवर कपड्यात बांधलेली असत आणि हात धुतल्याशिवाय काढता येत नसत. पत्रकं मात्र हाताशी असत. पत्र्याच्या पेटीवर, दारामागे, चुलीजवळच्या कोनाड्यात, माझ्या वहीला कव्हर म्हणून. गुलाबी, पिवळा, हिरवट असा तो पातळ कागद. बाबा ती लिहीत, बाजाराच्या गावातून छापून आणत आणि सायकलच्या कॅरिअरला गठ्ठा बांधून गावोगाव वाटत. गायरानाच्या पत्रकावर मी 'ग' शिकले, मोर्चाच्या पत्रकावर 'म'. हिंगोलीला कॉलेजात जाईपर्यंत बाबांची पत्रकं मीच लिहायला लागले होते. जगातली कुठलीही गोष्ट एका पत्रकात बसते, फार तर कागद जरा मोठा घ्यावा लागतो, अशी तेव्हा माझी समजूत होती.

बाबांची नोकरी मात्र पाण्याची. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर ते पाटकरी होते. कालव्यातून फुटलेल्या आमच्या चारीत पाणी सोडायचं, कुठल्या शेताची पाळी कधी ते बघायचं, त्याप्रमाणे गेट उघडायचं आणि लावायचं. चारीच्या वरच्या अंगाला मोठ्या जमिनी होत्या. टेलला, म्हणजे चारी जिथं संपते तिथं, आमच्या वस्तीतल्या लोकांचे तुकडे होते. टेलला पाणी पोचणं ही सगळ्या चाऱ्यांवर नशिबाची गोष्ट असते. आमच्या चारीवर ती बाबांची जिद्द होती. सगळ्या पाळ्या त्यांना तोंडपाठ असत. वरच्या शेतांवर कुणी चहा पुढे केला तर ते घेत नसत. तहान लागली तर चारीतलं पाणी ओंजळीनं पीत. वस्तीत त्यांना मान होता तो भाषणांमुळे, आणि तेवढाच या न घेतलेल्या चहामुळे.

हिंगोली वेगळा जिल्हा झाला त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. गव्हाला पाणी चालू होतं. ओल्या बांधावरून बाबांची सायकल घसरली आणि ते गेटाच्या दगडी भिंतीवर डोक्यावर पडले. थोडा वेळ शुद्ध नव्हती. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारलं की गेट कुणी लावलं. सांगितलं. मग परत तेच विचारलं. जीपमधून दवाखान्यात नेईपर्यंत ते तेच विचारत राहिले. रक्त कुठंच नव्हतं. कानामागे नुसतं टेंगूळ.

बाजाराच्या गावातल्या सरकारी दवाखान्यातून त्यांना डोक्याच्या फोटोसाठी नांदेडला पाठवलं. फोटो निघाला. तिथल्या माणसानं दारात उभ्या उभ्या मायला सांगितलं की फोटो नॉर्मल आहे, घेऊन जा, उलटी झाली तर आणा. हातात एक मोठं पाकीट दिलं आणि इंग्रजीत लिहिलेला एक कागद. मायला त्यातला एकच शब्द कळला, आणि तो तिनं गावात उतरल्यापासून घराच्या दारापर्यंत भेटेल त्याला सांगितला. नारमल.

वस्ती घरात जमली. डोक्याला मार लागलेल्या माणसाला झोपू द्यायचं नाही आणि पाणी द्यायचं नाही, या दोन गोष्टी आमच्याकडं सगळ्यांना पक्क्या माहीत होत्या. त्या बाबांवर प्रेमानं करण्यात आल्या. डोळे मिटले की कुणीतरी खांदा हलवायचं. त्यांना हसवण्यासाठी जुन्या मोर्चांच्या गोष्टी मोठमोठ्यानं सांगितल्या गेल्या. बाबा हसले नाहीत. पुढच्या पाळीला ते कामावर गेले. फोटो नॉर्मल असलेल्या माणसानं आणखी काय करायचं असतं?

आणि मग हळूहळू ते सुरू झालं. इतकं हळू की कुठून सुरू झालं ते घरात कुणालाच सांगता येणार नाही. दुपारी पत्र्यांवरून येणारा उजेड त्यांना सोसेना. ते डोळ्यांवर ओला रुमाल टाकून पडून राहू लागले. भांडं पडलं की दचकायचे आणि मग चिडायचे. आमच्या घरात कधी कुणी चिडून बोललं नव्हतं, चिडायचं ते पत्रकात. सकाळी उठल्यावर ते मायला वार विचारायचे. विहारात बैठक होती, कर्णा लागला, गाणं सुरू झालं आणि बाबा उठून बाहेर गेले. लोकांनी वळून पाहिलं. ते परत आत आले नाहीत.

त्यानंतर पाळी चुकली. टेलला पाणी जायचं होतं, आणि बाबांनी वरच्या मोठ्या शेताचं गेट दुसऱ्यांदा उघडलं. त्या शेताला लागोपाठ दोन पाळ्या मिळाल्या. टेलला गहू फुलोऱ्यात होता, तो तसाच वाळायला लागला. सगळ्यात जास्त गेलं ते जयंती समितीच्या अध्यक्षांचं. मी त्यांना काका म्हणायचे. ते आणि बाबा एकाच पाटीवर शिकलेले.

काका आमच्या दारात आले आणि आत आले नाहीत.

"पाणी वर काहून गेलं?"

"ध्यानात राहिलं न्हाई," बाबा म्हणाले.

"तुह्या?" काका हसले. "कोन्या सालच्या जयंतीला कोन किती येळ बोललं ते तुला पाठ. आन् पाळी ध्यानात न्हाई?"

"डोकं दुखून राहिलंय माहं."

"डोक्याचा फोटो नारमल हाय. समद्या वस्तीला ठावं हाय ते." मग काका अगदी शांतपणे म्हणाले, "पी बाबा त्यायचा चहा. साखर जास्त असती त्यायच्यात."

एवढंच बोलून ते गेले. आमच्याकडं माणूस विकला गेला असं कुणी म्हणत नाही, फुटला म्हणतात. तो शब्द चार दिवसांत वस्तीभर झाला. रस्त्यानं जाताना बाबांकडे बघून वर होणारे हात आता खाली राहू लागले. समितीच्या बैठकीचा निरोप आमचं घर सोडून पुढच्या घरी गेला. मी भांडायला निघाले होते, मायनं हात धरला. काय भांडणार, तिनं विचारलं. पाणी तर वर गेलंच होतं.

बाबांनी कुणालाही उत्तर दिलं नाही. मला वाटलं, हा त्यांचा अभिमान. एके दिवशी संध्याकाळी ते उंबऱ्यात बसले होते, मी शेजारी तूर निवडत होते. ते मला घरात 'माय' म्हणायचे, लाडानं.

"माय," ते म्हणाले, "मी पेलो असंल का त्यायचा चहा? मला याद न्हाई."

त्या वाक्यानं मी जितकी घाबरले तितकी त्या टेंगळानं नव्हते घाबरले. जन्मभर एकच गोष्ट जपलेला माणूस, आणि ती आपल्याकडे आहे की नाही हे त्याला लेकीला विचारावं लागत होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना दवाखान्यात नेलं. डोक्यात अख्खं पत्रक तयार होतं, निषेधासकट. केसपेपरच्या खिडकीपुढं रांग होती. बाबा भिंतीकडं तोंड करून उभे राहिले, कारण व्हरांड्यात पोरं रडत होती. डॉक्टर नवा होता, सांगलीकडचा, माझ्याहून थोडासाच मोठा. डोळ्यांखाली काळं झालेलं. त्यानं बाबांना बोटाकडं बघायला लावलं, डोळे मिटून उभं राहायला लावलं. मग तीन शब्द सांगितले आणि इकडचं तिकडचं बोलून ते परत विचारले. बाबांना एक आठवला. विळा.

मग त्यानं सांगितलं. हे सगळं त्या मारामुळंच आहे. फोटोत रक्त साचलेलं दिसतं, हाड मोडलेलं दिसतं, हे दिसत नाही. बहुतेकांचं काही आठवड्यांत उतरतं, काहींचं महिने घेतं. सुरुवातीला आराम हवा होता, मग थोडं थोडं काम. झोप हवी होती. मधून उठवून नाव विचारायचं असतं, जागं ठेवायचं नसतं. पाणी द्यायचं असतं. आता सायकलवर बसायचं नाही, कारण बरं होण्याआधी परत डोक्यावर पडले तर ते जास्त वाईट.

हे सांगायला त्याला एक कप चहा पिण्याइतकासुद्धा वेळ लागला नाही. मी म्हटलं, "हे आमाला पहिल्या दिवशी काहून सांगितलं न्हाई?"

तो चिडला नाही. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. "सांगितलं असतं तर राहिलं असतं लक्षात?" तो म्हणाला. "ज्याच्या डोक्याला मार लागलाय त्याला, आणि जिचा जीव थाऱ्यावर नाही अशा त्याच्या बायकोला, दारात उभं राहून काय काय सांगणार? घरी जाईपर्यंत एक शब्द राहतो."

तो शब्द कुठला ते मला माहीत होतं.

"मग लिहून देत जा," मी म्हटलं.

"वेळ कुणाकडंय? तू लिही. मी तपासून देतो."

मी लिहिलं. मोठ्या कागदाच्या दोन बाजू. ग्रामीण आरोग्याची दैना, डॉक्टरांच्या रिकाम्या जागा, कष्टकऱ्याच्या डोक्याची व्यवस्थेला असलेली किंमत. डॉक्टरनं ते जेवणाच्या सुट्टीत वाचलं, डबा तसाच ठेवून. मग म्हणाला, "छान लिहितेस. पण ह्यात शासनाचा निषेध चार ठिकाणी आहे आणि उलटी एकाच ठिकाणी. उलटी वर घे."

उलटी वर घेतली. असं करत करत ते पत्रक लहान झालं. पुन्हा पुन्हा उलटी, झोपेतून उठवता न येणं, झटका, हात किंवा पाय लुळा पडणं, वाढत जाणारी डोकेदुखी, यातलं काही झालं तर लगेच आणा. उजेड, आवाज, विसर, राग, थकवा हे मारामुळे होतं, ते सोंग नाही. झोपू द्या, पाणी द्या. दारू नको. गाडीवर, झाडावर, मचाणावर चढणं नको. फोटो नॉर्मल असला तरी हे होऊ शकतं. ते शेवटचं वाक्य मी ठळक टायपात टाकायला सांगितलं. आणि खाली, डॉक्टरच्या सांगण्यावरून, एक ओळ आली, की डोक्याला मार लागून घरी गेलेल्यांनी बाजाराच्या दिवशी, मंगळवारी दुपारी, सरकारी दवाखान्यात पुन्हा दाखवावे. मंगळवारी का, तर त्या दिवशी लोक तसेही गावात येतात. नुसतं डोकं दाखवायला वेगळं कोण येणार?

छापखाना जुना होता, खिळे जुळवून छापणारा. तो चालवणारे चाचा बाबांची पत्रकं माझ्या जन्माआधीपासून छापत आले होते. त्यांच्याकडे एक सोय होती. प्रत्येक पत्रकाच्या वर 'आवाहन' हा शब्द लागतोच, आणि प्रत्येक पत्रकाच्या खाली शेवटची ओळ तीच असते, म्हणून ही दोन्ही चाचांनी जुळवून सुतळीनं बांधून कायमची बाजूला ठेवलेली होती. मजकूर बदलायचा, वरचं आणि खालचं तेच. मुद्रित माझ्याकडे आलं तेव्हा मी ते नीट वाचलं. उलटीतली वेलांटी दुरुस्त केली. वरच्या आणि खालच्या ओळीवर माझी नजर गेलीच नाही. त्या ओळी मी लहानपणापासून बघत आले होते, वाचत नव्हते.

खरं तर ती पत्रकं दवाखान्यातून घरी जाणाऱ्यांच्या हातात द्यायची होती. पण गठ्ठा हातात आल्यावर मला एकच रीत माहीत होती. मी ती जीप-स्टँडवर वाटली, बाजारात वाटली, शिरड शहापूरपर्यंत जाऊन पिठाच्या गिरण्यांवर चिकटवली.

पुढच्या मंगळवारी मी बाबांना घेऊन दवाखान्यात पोचले तर फाटकात माणसं. केसपेपरच्या खिडकीपुढं, व्हरांड्यात, फाटकाबाहेर चहाच्या गाड्यापर्यंत. बायका भाजीच्या पिशव्या घेऊन बसलेल्या. एका म्हाताऱ्यानं काठीला निळा झेंडा लावून आणला होता. एक हवालदारही होता, तोही काय चाललंय ते बघत होता. डॉक्टर दारात उभा होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"तू मोर्चा आणलास?" त्यानं मला विचारलं.

मी नाही म्हणत होते तेवढ्यात एका आजीनं माझी ओढणी ओढली. "सभा कवा चालू होणार, बाई? मला परतीची जीप हाय."

मी विचारलं, कसली सभा. तिनं कमरेला खोचलेलं पत्रक काढलं. तिला वाचता येत नव्हतं, पण तिच्या नातवानं खालची ओळ वाचून दाखवली होती आणि तिनं ती पाठ केली होती. तिनं ती मला म्हणून दाखवली. तरी समस्त बंधू-भगिनींनी मोठ्या संख्येने उपस्थित राहावे, ही नम्र विनंती.

आमच्याकडे कुणी हौसेनं सभेला जात नाही. पत्रक आलं की जायचं असतं. कशाची सभा ते तिथं गेल्यावर कळतं. मधला मजकूर फार थोड्यांनी वाचला होता.

नंतर मी चाचांना विचारलं तर त्यांना माझा प्रश्नच कळेना. "बेटा," ते म्हणाले, "उसके बगैर पत्रक कैसा?"

गर्दीत काका होते. तेही वरचा शब्द आणि खालची ओळ बघून आले होते, समितीतले दोघे-तिघे बरोबर घेऊन. बाबांकडं त्यांनी पाहिलं नाही. पण सभेची काळजी त्यांच्या रक्तात होती. ते सरळ डॉक्टरकडे गेले. "साहेब, लोक लांबून आलेत. दोन शब्द बोला. तसं कसं वापस लावायचं?"

डॉक्टरनं जन्मात कधी भाषण केलेलं नव्हतं. तो पायरीवर उभा राहिला आणि खिशातून माझंच पत्रक काढून वाचायला लागला. हळू आवाजात. मागून लोक म्हणाले, ऐकू येत नाही. काकांनी हात वर करून गप्प केलं. ठळक टायपातल्या ओळीपाशी आल्यावर डॉक्टरनं कागद खाली केला. "नॉर्मल म्हणजे आत रक्त साचलेलं नाही, एवढंच," तो म्हणाला. "माणूस पहिल्यासारखा आहे असा त्याचा अर्थ नाही. हे आम्हीच नीट सांगत नाही."

काका हाताची घडी घालून उभे होते. त्यांनी विचारलं, "आन् एखाद्यानं सोंग केलं तर? वळखायचं कसं?"

डॉक्टरला काका कोण ते माहीत नव्हतं. बाबांचं आणि त्यांचं काय ते तर नव्हतंच माहीत. तो म्हणाला, "तुमच्या ध्यानात कुणी आहे का? काय काय विसरलाय तो?"

काका बोलले ते डॉक्टरकडे बघून नव्हे, खाली बघून. "पाळी इसरला. माह्या पोरीच्या सुपारीचं आवतन इसरला." मग ते म्हणाले, "दळण आनायला गेला आन् सायकल गिरनीवर ठिऊन पायी घरी आला. पीठ बी तिथंच."

लोक हसले. काका हसले नाहीत. बाबा भिंतीला टेकून बसले होते, रुमाल कपाळावर ओढून. ऐकू आलं असेल, नसेल. काका त्यांच्याकडं गेले नाहीत. बाजार करून ते निघून गेले.

सभा संपली असं समजून बरेच लोक उठले. पण थोडे मागे राहिले, आणि ते थोडे खरोखर दाखवायला आलेले होते. भिंतीचं बांधकाम करताना पडलेला एक मिस्तरी. बैलानं उडवलेला एक माणूस, ज्याला महिनाभर घरचे आळशी म्हणत होते. बाकी बायका. डॉक्टर एकेकीला विचारत होता, कशानं लागलं. चौकटीला लागलं, पहिली म्हणाली. दुसरीलाही चौकट लागली होती, तिसरीलाही. मी नावं लिहून घेत होते. तिसरी गेल्यावर डॉक्टरनं हळूच मला विचारलं, "तुमच्याकडच्या चौकटी फार खाली असतात का?"

"नसतात," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली आणि पुढचीला बोलावलं.

दुसऱ्या छपाईच्या वेळी मला या चौकटींवर लिहायचं होतं, आणि मी लिहिलंही, चांगलं धारदार. डॉक्टर म्हणाला, हे छापलंस तर नवरे पत्रक घरात येऊ देणार नाहीत, आणि उलटीचंही कुणाला कळणार नाही. मी त्याला भित्रा म्हटलं. तो म्हणाला, असेन. शेवटी एक वाक्य राहिलं, की मार कशाने लागला हे सांगायलाच हवे असे नाही, लागला एवढे सांगितले तरी तपासतात. त्या वाक्याची मला आजही थोडी लाज वाटते, आणि पत्रकातलं सगळ्यात उपयोगाचं तेच ठरलं. खालची ओळ मात्र मी डॉक्टरला काढू दिली नाही. चाचांना त्यात काही विशेष वाटलं नाही.

त्या मंगळवारांचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. डॉक्टर होता तोवर ते चालले. मग त्याची बदली झाली. नवीन डॉक्टरनं विचारलं, असा आदेश कुठं आहे? आदेश नव्हता. मी त्यांना समजावलं, ते तयार झाले, त्यांचीही बदली झाली. त्यानंतरच्यांना परत समजावलं. दर वेळी तीच वाक्यं, तेच पत्रक, तीच खुर्चीच्या कडेला बसलेली मी. चाचा गेले आणि छापखाना बंद झाला. आता संगणकावर छापतात, तिथं मुलगा विचारतो की ताई, खालची ओळ कशाला, जागा जाते. गठ्ठे असतात, कधी दवाखान्यातले लोक ते देतात, कधी त्यांवर औषधाच्या पुड्या बांधतात. कुणाच्या तरी मावशीनं सांगितलं म्हणून अजून एखादी बाई मंगळवारी दुपारी केसपेपरच्या खिडकीशी येऊन बसते. खिडकी तेव्हा बंद असते. कुणी निरोप दिला तर मी जाते. दर वेळी जाववत नाही.

बाबांचं उतरलं, पण सगळं नाही. खात्यातल्या साहेबांनी डॉक्टरचं ऐकून त्यांना काही दिवस एकाच गेटावर हलकं काम दिलं. उजेड सोसायला लागला. राग कमी झाला. कर्णा मात्र सोसेना, आणि बोलता बोलता धागा सुटायचा. वस्तीत हात परत वर होतील असं मला त्या सभेनंतर वाटलं होतं. तसं लगेच काही झालं नाही. लोकांनी फुटला म्हणणं बंद केलं, एवढंच. दुसरा शब्द त्यांना सापडला नव्हता.

जयंतीच्या आदल्या दिवशी काका दारात आले. याही वेळी आत आले नाहीत.

"उद्या तुह्या भाषणापुरता कर्णा बंद ठिवतो," ते म्हणाले. "बोलशील का?"

"ध्यानात राहिलं तं," बाबा म्हणाले.

"न्हाई राहिलं तं बस खाली. कोन काय म्हनतंय?"

गव्हाचा विषय निघाला नाही. मायनं आतून पाणी आणलं, ते काकांनी उभ्यानंच प्यायलं.

दुसऱ्या दिवशी बाबांच्या वेळेला समितीच्या पोरांनी कर्ण्याची वायर काढली. आवाज एकदम गेल्यामुळे मागच्यांना काही कळेना. ते उठून पुढं आले आणि पायांशी पाय लावून बसले, ऐकू यावं म्हणून. बाबा कपाळावर रुमाल ओढून उभे राहिले आणि बोलायला लागले. पाण्याबद्दल. तळ्यावरच्या सत्याग्रहातल्या त्या जुन्या पाण्याबद्दल नाही, आमच्या चारीतल्या. टेल म्हणजे काय, ते सांगत होते. मला त्यांच्या प्रत्येक भाषणाचा शेवट पाठ होता, म्हणून धागा सुटला ते मला सगळ्यांच्या आधी कळलं. ते थांबले. ओठ हलत होते. पुढं कुठलं तरी लेकरू म्हणालं, झालं का? त्याच्या आईनं त्याला मांडीत दाबलं. बाबांनी माझ्याकडं पाहिलं. शब्द मला माहीत होता. मी दिला नाही, कारण काका माझ्याकडं बघून नाही अशी मान हलवत होते.



"पुढलं आठवंना," बाबा म्हणाले आणि खाली बसले.

काकांनी पुढच्या माणसाचं नाव पुकारलं नाही. त्यांनी बशीत चहा ओतला, वाकून बाबांच्या पुढं धरला आणि म्हणाले, "पी. आपला हाय."

बाबांनी दोन्ही हातांनी बशी धरली. थोडा चहा धोतरावर सांडला. त्यांनी तो सगळा प्यायला. मग वायर जोडली, कर्णा लागला, आणि मी त्यांना घरी घेऊन आले.

सकाळी त्यांनी वार विचारला नाही. चपला घालता घालता मला विचारलं, "काल चहा कुनाचा पेलो, माय?"

"काकाचा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. सायकल बाहेर काढली आणि तिच्यावर न बसता, हातात धरून, चारीकडे चालत गेले.